साहेबांचा निर्णय पटत नाही, तेव्हा मॅनेजरनं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावातल्या एका फाउंड्रीत, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, एक प्रॉडक्शन मॅनेजर आहेत. प्लँट हेडनी सांगितलंय की येत्या सोमवारपासून मोल्डिंग लाईन तासाला ६० बॉक्सवरून (बॉक्स म्हणजे वाळूचा साचा) ७५ वर न्यायची. मॅनेजरना हे पटत नाही, रिजेक्शन (खराब निघणारा माल) वाढणार असं त्यांना वाटतंय. सकाळच्या मीटिंगमध्ये तसं बोलल्यावर सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं, "तुमचं कायम नाहीच असतं." मालकांचे चिरंजीव डायरेक्टर आहेत. त्यांच्याकडे जावं, की गप्प राहून साहेब म्हणतात तसं करावं, हे त्यांनी विचारलंय.

आज तरी दोन्ही नको. आधी हा मतभेद नेमका कशाबद्दल आहे ते बघा.

वरिष्ठांशी होणारे मतभेद बहुतेक वेळा तीन प्रकारचे असतात आणि तिघांचं औषध वेगळं आहे. पहिला प्रकार माहितीचा. साहेबांना एक गोष्ट ठाऊक नाही किंवा तुम्हाला ठाऊक नाही. ती समोर आली की मतभेद उरत नाही. दुसरा प्रकार प्राधान्याचा. दोघांना सगळं ठाऊक आहे, पण साहेबांना या तिमाहीचं डिस्पॅच महत्त्वाचं वाटतं आणि तुम्हाला कस्टमरकडून येणाऱ्या तक्रारी. इथं कुणी चूक नसतं आणि शेवटचा शब्द साहेबांचा असतो, कारण त्या तिमाहीचा जाब त्यांना द्यायचा असतो. तिसरा प्रकार सुरक्षिततेचा, कायद्याचा आणि खोट्या नोंदींचा. तिथं शेवटचा शब्द साहेबांचा नसतो. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो, कारण तिथंच माणसं सगळ्यात जास्त गोंधळतात.

घोळ होतो तो असा की माणूस माहितीचा मतभेद प्राधान्याचा समजून भांडतो. "साहेबांना फक्त टनेज पाहिजे" असं एकदा मनात धरलं की मग आकडे काढायचंच राहून जातं. म्हणून बोलायला जायच्या आधी एका कागदावर हिशेब मांडा. तुमच्याच लाईनचं उदाहरण घेतो. आकडे समजण्यासाठी धरलेत, तुमचे तुम्ही घाला.

समजा कूलिंग लाईनवर ६० बॉक्सची जागा आहे. तासाला ६० बॉक्स चालले तर प्रत्येक बॉक्सला ओतल्यापासून शेकआउटपर्यंत (साचा फोडून कास्टिंग बाहेर काढेपर्यंत) ६० मिनिटं मिळतात. ७५ केले की ४८ मिनिटं. लाईनची लांबी तीच असल्यामुळे १२ मिनिटं गेली ती गेलीच. कास्टिंग गरम असतानाच बाहेर आलं तर जाडपातळ भाग वेगवेगळ्या वेगानं थंड होतात. त्यातून वाकणं, तडा जाणं, हार्डनेस इकडंतिकडं होणं सुरू होतं. साचा फोडल्यावर परत वापरायला येणारी वाळूही गरम येते. वाळू ५० अंश सेल्सिअसच्या वर राहिली की ओलावा टिकत नाही, ती पॅटर्नला (साच्याच्या नमुन्याला) चिकटते, वाळू गळून कास्टिंगमध्ये जाते आणि ब्लो होल (वायूमुळे पडणारी भोकं) वाढतात. तुम्हाला ज्या रिजेक्शनची भीती वाटते ती इथून येते. म्हणजे भीती खरी आहे.

पण आता पुढचा हिशेब करा, आणि तो प्रामाणिकपणे करा. दोन शिफ्ट, प्रत्येकी ७ तास प्रत्यक्ष चालणारे. ६० नं ८४० बॉक्स होतात. ४ टक्के रिजेक्शन धरलं तर चांगले ८०६. ७५ नं १,०५० होतात. रिजेक्शन १० टक्क्यांवर गेलं तरी चांगले ९४५. म्हणजे रिजेक्शन अडीचपट झालं तरी साहेबांचे १३९ बॉक्स जास्त निघतात. "रिजेक्शन वाढेल" एवढंच घेऊन तुम्ही गेलात तर साहेब हाच गुणाकार करून दाखवतील आणि त्या खोलीत तुमचं म्हणणं तिथंच संपेल. मीटिंगमध्ये बहुधा हेच झालं.

आता भट्टीकडे बघा. बॉक्सला ३० किलो धातू लागतो. ६० बॉक्सला तासाला १.८ टन, ७५ ला २.२५ टन. भट्टी १,२५० किलोवॅटची असेल आणि टनाला विजेची ६०० युनिट धरली तर ती तासाला कशीबशी २ टन देते. स्लॅग (धातूवरची मळी) काढणं, केमिस्ट्रीचा रिपोर्ट येईपर्यंत थांबणं यातही वेळ जातो. म्हणजे धातू ६६ बॉक्सचाच आहे. लाईन ७५ ला लावली तर तासाला आठ-नऊ बॉक्स धातूची वाट बघत उभे राहणार. मग भट्टीवर घाई सुरू होते, तापमान पूर्ण व्हायच्या आधी टॅपिंग (भट्टीतून धातू काढणं) होतं आणि कोल्ड शट, मिसरन, म्हणजे धातू थंड असल्यामुळे नीट न जुळलेले किंवा अर्धवट भरलेले भाग, वाढायला लागतात. त्याचा ठपका मात्र ओतकामावर येतो.

आता तुमच्या हातात "नाही" ऐवजी एक आकडा आहे: ६६. या वेगाला कूलिंग ५५ मिनिटांच्या आसपास मिळतं. दिवसाला ९२४ बॉक्स होतात. रिजेक्शन ५ टक्के धरलं तरी चांगले ८७८, म्हणजे आजच्यापेक्षा रोज ७० च्या वर जास्त. साहेबांना उत्पादन वाढवायचंय, तुम्हीही ते वाढवून देताय, आणि ७५ पर्यंत जायचं असेल तर काय लागेल तेही सांगताय: भट्टीची क्षमता, कूलिंग लाईनची लांबी, सँड कूलर. त्यातला कुठला खर्च करायचा हा निर्णय त्यांचा.

हिशेब करताना आकडे तुमच्याविरुद्ध गेले तर काय? तर तसं मान्य करा आणि विरोध मागे घ्या. "कालपर्यंत मला वेगळं वाटत होतं, हिशेब केला, तुमचं बरोबर आहे" असं एकदा साहेबांनी तुमच्या तोंडून ऐकलं की पुढच्या वेळी तुमच्या "नाही"ला वजन येतं. ज्याचं कायम "नाही" असतं त्याचं ऐकणं माणसं बंद करतात, आणि ज्याचं कायम "होय" असतं त्याला कुणी विचारत नाही.

आता सांगायचं कधी आणि कुठं.

रोजच्या प्रॉडक्शन मीटिंगमध्ये नाही. दहा-बारा जणांसमोर, त्यातही मेंटेनन्स, क्वालिटी, स्टोअरची माणसं बसलेली असताना प्लँट हेडनी एक आकडा सांगितला की तो आकडा त्यांचा शब्द झाला. तिथं मागे घेणं म्हणजे माघार. तुम्ही कितीही नम्रपणे बोलला तरी त्यांच्यापुढे मान्य करणं आणि तुम्हाला गप्प करणं हे दोनच रस्ते उरतात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर अजिबात नाही. ग्रुपवर सूर कळत नाही, स्क्रीनशॉट मात्र डायरेक्टरपर्यंत पाच मिनिटांत जातो.

एकट्याला गाठा. सकाळी शॉपचा राउंड झाल्यावर केबिनमध्ये चहा येतो ती पंधरा मिनिटं बऱ्याच ठिकाणी सोयीची असतात. शिफ्ट संपताना, कस्टमर ऑडिटच्या दिवशी, महिनाअखेरीच्या डिस्पॅचच्या धांदलीत किंवा नुकताच वरून फोन आलेला असताना जाऊ नका. सोमवारी लाईन बदलायची असेल तर गुरुवारपर्यंत बोलणं झालेलं पाहिजे, म्हणजे साहेबांना विचार करायला आणि गरज पडली तर वर बोलायला एक-दोन दिवस मिळतात. शनिवारी संध्याकाळी आणलेला विरोध कितीही बरोबर असला तरी तो अडवणूक वाटतो. माझ्या मते मतभेद हाताळताना सगळ्यात जास्त नुकसान या उशिरानं होतं. शब्द चुकले तर सावरता येतात, वेळ टळली की हातात काही राहत नाही.

साहेबांचा अधिकार मान्य करून, पण गुळमुळीत न बोलता सांगायचं. आपल्याकडं हे दुसरं जास्त अवघड जातं. "साहेब, जरा बघायला पाहिजे." "थोडा प्रॉब्लेम येईल असं वाटतंय." "बघा म्हणजे, तुम्ही म्हणाल तसं." असं बोलून मॅनेजर बाहेर येतो आणि घरी सांगतो, मी स्पष्ट सांगितलं होतं. साहेबांच्या कानावर मात्र विरोध पडलेलाच नसतो. त्यांना संमती ऐकू आलेली असते.

याची किंमत किती मोठी असू शकते ते २७ मार्च १९७७ ला टेनेरिफच्या विमानतळावर दिसलं. धुक्यात केएलएमचं बोइंग ७४७ उड्डाणासाठी धावपट्टीवर पळायला लागलं तेव्हा पॅन अ‍ॅमचं दुसरं ७४७ त्याच धावपट्टीवर होतं. केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली. त्यानं प्रश्नाच्या सुरात विचारलं, पॅन अ‍ॅम बाजूला झालं नाही का? कॅप्टन कंपनीतला अत्यंत ज्येष्ठ वैमानिक होता. तो ठामपणे म्हणाला, झालंय. विषय तिथं संपला. टकरीत ५८३ माणसं गेली. पुढे विमान कंपन्यांनी कॉकपिटमधल्या कनिष्ठांना ज्येष्ठांसमोर स्पष्ट कसं बोलायचं याचं रीतसर प्रशिक्षण सुरू केलं, त्यामागं या अपघाताचा मोठा वाटा आहे. तिथं शिकवतात ते साधं आहे: आधी नाव घेऊन लक्ष वेधा, मग काय दिसतंय ते सांगा, त्यानं काय होईल ते सांगा, मग काय करूया ते सुचवा, आणि उत्तर मागा.

आपल्या शॉपच्या भाषेत ते असं होईल:

"साहेब, लाईनबद्दल दहा मिनिटं पाहिजेत, सोमवारच्या आधी. ७५ ला माझी एक मोठी अडचण आहे. भट्टी तासाला २ टन देते, ७५ ला सव्वादोन लागतात. धातू कमी पडणार, घाईत थंड टॅपिंग होणार आणि कूलिंग ४८ मिनिटांवर येणार. माझं म्हणणं, सोमवारी ६६ नं सुरू करू. आठवडाभर रोजचं रिजेक्शन आणि वाळूचं तापमान तुम्हाला देतो. चालेल का, की ७५ च पाहिजे?"

हे मोठ्यानं वाचलं तर अर्ध्या मिनिटाच्या आसपास होतं. यात "तुम्ही चुकताय" कुठं नाही, "मला वाटतं" कुठं नाही, आणि शेवटी साहेबांना होय किंवा नाही म्हणावंच लागतं. कागद बरोबर न्या, पण एकच पान. वर निर्णय, खाली चार ओळींचा हिशेब, शेवटी तुमचा प्रस्ताव. आठ पानांचं प्रेझेंटेशन नेलं तर साहेब पहिल्याच पानावरच्या एखाद्या आकड्याशी वाद घालत बसतात आणि मुद्दा राहून जातो.

मग ऐका. साहेब असं काहीतरी सांगतील जे तुम्हाला माहीत नव्हतं. कस्टमरचा दुसरा पुरवठादार बंद पडलाय आणि तीन महिने माल दिला तर पुढची पाच वर्षं ऑर्डर पक्की आहे. बँकेचा हप्ता आहे. डायरेक्टरनी शब्द देऊन टाकलाय. वरच्या माणसाच्या निर्णयामागचं निम्मं कारण खाली पोचत नाही, ते मुद्दाम दडवलेलं असतं असंही नाही. म्हणून एक प्रश्न प्रत्येक वेळी विचारा: "साहेब, ७५ च का? वरून काही आहे का?" सूर चौकशीचा ठेवा, उलटतपासणीचा नको. कारण कळलं की बऱ्याचदा तिसरा मार्ग सापडतो. कस्टमरला तीन महिनेच जादा माल पाहिजे असेल तर रविवारची एक जादा शिफ्ट, बदली सुट्टी आणि ओव्हरटाइमचा दुप्पट दर देऊन, लाईनच्या वेगाला हात न लावताही चालवता येईल. दुप्पट दरानं खर्च किती वाढतो ते मांडा आणि दोन्ही पर्याय शेजारी ठेवा.

साहेब तरीही "७५ च" म्हणाले तर?

एकदा आणखी बोला, नवीन मुद्दा असेल तरच. तोच मुद्दा जास्त आवाजात सांगणं म्हणजे दुसरी बाजू मांडणं होत नाही. नवीन काही नसेल तर दोन गोष्टी मागून घ्या. पहिली, थांबायची अट. दुसरी, लेखी दोन ओळी.

थांबायची अट म्हणजे कुठल्या आकड्याला आपण मागे फिरायचं हे आधीच ठरवणं. कोल्हापूरकरांना हे वेगळं समजावायला नको. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि परत जुलै २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन पुण्याचा रस्ता बंद झाला, तेव्हा ज्यांचा माल नदीच्या अलीकडं अडकला त्यांना कस्टमरची लाईन उभी राहण्याची भीती पुरेपूर कळली. आता जुलैत डिस्पॅच मॅनेजर म्हणतो, पुण्याच्या गोडाऊनला चार दिवसांचा माल आधीच पाठवू. साहेब म्हणतात, दरवर्षी पूर येतो का, भाडं फुकट जाईल. ही भविष्याबद्दलची दोन मतं आहेत आणि वाद घालून त्यांचा निकाल लागणार नाही. पण "बंधाऱ्यावर ३५ फूट झाले की गाड्या भरायच्या, ३९ च्या आत पुलापलीकडं काढायच्या, मग मला विचारायला येऊ नका" एवढं साहेबांकडून जूनमध्येच मान्य करून घेतलं तर भांडायची गरजच राहत नाही. साहेबांचं भाडं वाचतं, आणि पाणी चढलं तर रात्री दोन वाजता परवानगीसाठी फोन करावा लागत नाही.

लाईनच्या बाबतीतही तसंच. "सलग दोन शिफ्ट रिजेक्शन ८ टक्क्यांवर गेलं, किंवा मिक्सरला जाणारी वाळू ५० अंशांच्या वर राहिली, तर लाईन ६६ वर आणायची, शिफ्ट इन्चार्जनं स्वतः आणायची." जिद्दी साहेबही ही अट सहसा मान्य करतात, कारण त्यांचा निर्णय कायम राहतो आणि चुकला तर बाहेर पडायचा रस्ताही मिळतो. अट तीन पथ्यं पाळून लिहा: आकडा मोजता येईल असा हवा, मोजणारा माणूस ठरलेला हवा, आणि आकडा ओलांडल्यावर काय करायचं ते आधीच लिहिलेलं हवं. "फारच वाढलं तर बघू" ही अट नाही.

लेखी दोन ओळी म्हणजे तक्रारीचं पत्र समजू नका. त्याच दिवशी साहेबांना, फक्त साहेबांनाच, मेल:

"आज बोलल्याप्रमाणे सोमवारपासून लाईन तासाला ७५ बॉक्सवर नेत आहोत. धातू आणि कूलिंगबद्दलची माझी अडचण आपल्याला सांगितली आहे. सलग दोन शिफ्ट रिजेक्शन ८ टक्क्यांवर गेल्यास किंवा मिक्सरला जाणारी वाळू ५० अंशांच्या वर राहिल्यास लाईन ६६ वर आणू. रोजचा रिपोर्ट सकाळी ९ ला देतो."

यात डायरेक्टरला सीसी टाकायचं नाही. सीसी टाकलं की तुमचा मेल म्हणजे साहेबांविरुद्धचा पुरावा होतो आणि ते तसंच वाचतात. "आपण नकार दिल्यामुळे" असलं वाक्य घालू नका. दोघांना एकच गोष्ट आठवावी एवढंच त्या मेलचं काम.

आणि मग सोमवारी लाईन मनापासून ७५ वर चालवा. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. निर्णय पटला नाही म्हणून मॅनेजर शॉपवर जाऊन म्हणतो, "वरून आलंय बाबा, मला विचारू नका." तेवढ्यानं सुपरवायझरपासून हेल्परपर्यंत सगळ्यांना कळतं की हे चाललं नाही तरी चालेल. लाईन रखडते. महिन्यानंतर कुणालाच सांगता येत नाही की ७५ मुळात शक्य नव्हतं की आपण ते मनावर घेतलं नाही. तुमचा मुद्दा बरोबर असला तरी तो सिद्ध व्हायची एकुलती एक संधी तुम्हीच घालवलेली असते. माणसांना सांगायचं ते असं: "सोमवारपासून ७५. वाळूचं तापमान दर अर्ध्या तासाला लिहायचं. तापमान झाल्याशिवाय टॅपिंग नाही, लाईन थांबली तरी चालेल. अडचण आली तर मला हाक मारा." साहेबांचं नाव न घेता, तुमचा स्वतःचा निर्णय असल्यासारखं.

आता तिसरा प्रकार, जिथं ऐकायचं नसतं.

फाउंड्रीत याची उदाहरणं शोधावी लागत नाहीत. पावसाळ्यात यार्डातलं स्क्रॅप भिजलेलं असतं आणि साहेब म्हणतात, चार्ज करा (भट्टीत टाका), हीट (वितळवण्याची खेप) थांबवू नका. पाण्याची वाफ होताना ते साधारण १,७०० पट पसरतं; ते पाणी वितळलेल्या धातूखाली गेलं तर भट्टीतला धातू माणसांच्या अंगावर येतो. इथं प्रस्ताव, ट्रायल, अट काही नाही. वाक्य एकच: "साहेब, ओलं स्क्रॅप मी चार्ज करू देणार नाही. कोरडं करून घेतो, दोन तास लागतील." मग माणसं बाजूला घ्या, भट्टी होल्डिंगला (धातू नुसता गरम राहील एवढ्यावर) ठेवा आणि लगेच कोरडं स्क्रॅप शोधायला लागा. नकार द्यायचा आणि हात बांधून उभं राहायचं, असं करू नका. इंटरलॉक (धोका असताना मशीन चालू न देणारी सोय) बायपास करणं, क्रेनच्या लिमिट स्विचला तार बांधणं, गार्ड काढून प्रेस चालवणं, सगळ्यांना हाच नियम. कायद्याच्या बाजूनंही हे लक्षात ठेवा की नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना अधिनियमात उल्लंघनासाठी ऑक्युपायरबरोबर (कारखान्याचा अंतिम ताबा असलेला माणूस) फॅक्टरी मॅनेजरलाही दोषी धरलं जाई. फॅक्टरी मॅनेजर म्हणून नाव दिलेलं असेल तर "साहेबांनी सांगितलं होतं" म्हणून सुटका होत नसे; आजही त्या सबबीवर विसंबू नका.

दुसरं उदाहरण जास्त फसवं आहे, कारण त्यात कुणाला लागत नाही. एसजी आयर्नच्या (ज्यात ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असतं अशा बिडाच्या) एका हीटची नोड्युलॅरिटी, म्हणजे त्या गोळ्यांचं प्रमाण, ८५ टक्के हवी होती, आली ७८. गाडी दारात उभी. "रिपोर्टवर ८६ टाका, काय होतंय, आजवर काय झालंय?" नोड्युलॅरिटी कमी असेल तर भागाची ताकद आणि लवचिकता कमी होते, तो भाग ब्रेकचा किंवा सस्पेन्शनचा असेल तर पुढं काय होऊ शकतं ते सांगायला नको. नाही म्हणा, पण इथंही रस्ता दाखवा. कस्टमरच्या क्वालिटीला फोन करून खरा आकडा सांगून डेव्हिएशन (त्या मालापुरती सूट) मागता येतं. ज्यांच्याकडं आयएटीएफ १६९४९ (वाहन उद्योगाच्या पुरवठादारांचं गुणवत्ता मानक) आहे त्यांना स्पेसिफिकेशनबाहेरचा माल पाठवण्याआधी कस्टमरची मंजुरी घ्यावीच लागते. त्याच मानकात हेही आहे की उत्पादनाच्या गुणवत्तेची जबाबदारी असलेल्यांना डिस्पॅच आणि उत्पादन थांबवायचा अधिकार दिलेला असला पाहिजे. तेव्हा साहेबांना असं सांगता येतं: "साहेब, डेव्हिएशन मागतो, तासाभरात उत्तर आणतो. तोवर ही हीट होल्डवर ठेवतो, दुसऱ्या हीटचा माल गाडीत भरू." लाल टॅग लावा, हीट नंबर लिहा, माल वेगळ्या जागी हलवा. तोंडी होल्ड केलेला माल रात्रपाळीत गाडीत गेलेला असतो.

या प्रकारात साहेब अडून राहिले तरच वर जायचं. जायची रीत अशी: आधी साहेबांना सांगून. "साहेब, हे माझ्याच्यानं होणार नाही, मला डायरेक्टरसाहेबांच्या कानावर घालावं लागेल. तुम्हीही चला, दोघं मिळून बोलू." बहुतेक वेळा हे वाक्य ऐकल्यावर वर जायची गरजच पडत नाही. न सांगता वर गेलात तर तुमचा मुद्दा बाजूला पडतो आणि साहेबांना डावलल्याचा विषय होतो.

आपल्याकडच्या घरच्या कारखान्यांत यात आणखी एक गुंता असतो. थोरले साहेब, धाकटे साहेब, कधी मेहुणे परचेस बघतात, आणि प्लँट हेड बाहेरून आणलेले. थोरल्या साहेबांनी तुम्हाला वीस वर्षांपूर्वी हेल्पर म्हणून घेतलेलं असेल, ते अजूनही राउंडला येऊन खांद्यावर हात ठेवून विचारतात, "काय, बरं चाललंय न्हवं?" तिथं मन मोकळं करायचा मोह होतो. करू नका. त्यांनी चहा पिता पिता एक शब्द धाकट्यांना टाकला की दुपारपर्यंत प्लँट हेडना कळतं, तेही मीठमिरची लावून. "बरं चाललंय साहेब, लाईन वाढवायचं काम चालू आहे" एवढं पुरे. दोन साहेबांनी दोन वेगळ्या सूचना दिल्या तर स्वतः निवड करू नका. दोघांना एकत्र विचारा: "सकाळी ७५ सांगितलं होतं, आता ६० म्हणताय, कुठलं धरू?" आणि साहेब नात्यातले, गावचे किंवा तालमीतले असतील तर कारखान्याचा विषय जत्रेच्या जेवणात काढू नका. तिथं दिलेला होकार सोमवारी कुणाला आठवत नाही, दुखावलेलं मन मात्र राहतं.

"तुमचं कायम नाहीच असतं" हे जे ऐकावं लागलं, त्याचंही काहीतरी करायला हवं. तीन-चार महिने एका वहीत लिहून बघा: कुठल्या विषयाला विरोध केला, काय सुचवलं, शेवटी काय झालं. महिन्यातून सहा वेळा विरोध होत असेल तर साहेबांचं म्हणणं खरं आहे. त्यातले चार सोडून द्यायच्या लायकीचे निघतील. शिफ्टची चहाची वेळ, रिपोर्टचा नमुना, कुठल्या रंगाचे टॅग, यावर साहेब म्हणतील ते करा. विरोध राखून ठेवा तो ज्यात पैसा, माणूस किंवा कस्टमर जाणार आहे त्यासाठी.

लाईन ७५ वर गेली, पंधरा दिवसांत रिजेक्शन ९ टक्क्यांवर पोचलं आणि ठरल्याप्रमाणे शिफ्ट इन्चार्जनं ती ६६ वर आणली, तर त्या सकाळी साहेबांकडे जाऊन आधीच्या बोलण्याची आठवण करून देऊ नका. त्यांना आठवत असतं. रोजचा तक्ता पुढं ठेवा, कुठल्या दिवशी वाळू किती तापली ते दाखवा आणि भट्टीच्या क्षमतेचा विषय काढा, कारण आता तो ऐकला जाईल. मीटिंगमध्ये कुणी डिवचलंच, तर सांगा की ट्रायल दोघांनी मिळून ठरवली होती. आणि लाईन ७५ वर नीट चालली, तर त्याच मीटिंगमध्ये, त्याच दहा-बारा जणांसमोर सांगा की तुमचा अंदाज चुकला होता, साहेबांचा बरोबर होता. नंतर त्या एक पानी हिशेबात कुठली नोंद चुकली ते शोधा. भट्टी टनाला ६०० ऐवजी ५५० युनिटच घेत असेल, किंवा कूलिंग लाईनवर तुम्ही न मोजलेल्या दहा जागा असतील. तो आकडा दुरुस्त करून वहीत लिहून ठेवा.